मोकळी लांबी

मागची डावी तुटली जांबोटीच्या वाटेवर,
अगदी खालच्या वेढ्यात, बोटभर तुकडा.
आवाज असा, की कुणी डब्यात चमचा टाकला
आणि झाकण लावलं.
उजवी धड होती. तरी भरमाण्णा म्हणाला,
"जोडीनंच बदलायच्या, बाई.
एक नवी एक जुनी घातलासा
तर गाडी जन्मभर एका कुशीवर निजल."

उद्यमबागेत, फाउंड्रीच्या मागच्या बोळात
त्यानं दोन्ही काढून फरशीवर उभ्या केल्या.
वर काही नाही, ना गाडी ना माणूस,
तरी दोघी दबलेल्याच.
मी पर्समधनं टेप काढला, शिवणाचा, पिवळा,
आणि धड असलेलीला लावला:
अकरा इंच, दोन दोरे कमी.
"ह्या मापाची बघायची?"
"छे हो. हे दमल्यानंतरचं माप.
हिची मोकळी लांबी आता कुणाला ठाऊक."

गुरुसिद्धप्पांच्या दुकानात
मांडणीभर स्प्रिंगा, सगळ्या काळ्या,
एकाच घरातल्या बहिणींसारख्या.
नोकरानं एक आणून समोर ठेवली.
उंची बरोबर. घेर बरोबर.
भरमाण्णानं वेढे मोजले, तारेला कॅलिपर लावला,
मग पुन्हा लावला.

आमच्याकडं 'पण' म्हणायचं असलं
तर 'खरं' म्हणतात.
तो म्हणाला, "तीच हाय, खरं ती नाही."
पुण्याची माझी जाऊ ह्यावर हसली असती.
मी वाकून बघितलं.
केसभर जाड होती. केसभरच.

मग रॉकेलचा बोळा,
जुनीच्या रबरी बुडाखाली, चिखल न पोचलेल्या जागी,
आणि हळूहळू वर आला
एक निळा पट्टा, शेजारी दोन पांढरे ठिपके.
कारखान्यात कुणीतरी ब्रशनं ओढलेले,
जेवणाच्या सुट्टीआधी, घाईत,
एक ठिपका जरा पसरलेला.
अकरा वर्षं त्यावर बसून मी हिंडले.

गुरुसिद्धप्पांनी वही उघडली.
निळा: पेट्रोल. दोन पांढरे: गॅसची टाकी नसलेली.
तशी आहे म्हणाले, खरं हेवी न्या,
लोक हेवीच नेतात.
आणि चष्म्यावरनं विचारलं,
"भार एष्टु?"

भार. हा शब्द दोन्हीकडं एकच.
कुणाला कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

"सहा गठ्ठे," मी म्हटलं.
"शाळेचे युनिफॉर्म. नंदगड, गर्लगुंजी,
जांबोटी, पुढं कणकुंबीपर्यंत."
सांगताना आवाज चढला माझा.
भरमाण्णा काही बोलला नाही.
गाडी त्यानंच रिकामी केली होती सकाळी:
एक गठ्ठा, तोही सैल बांधलेला,
त्यानं एका हातानं उचलून बाकावर ठेवला होता.

एका शाळेत यंदा अकरा मुलं.
त्यांची मापं मला पाठ आहेत:
छाती चोवीस, चोवीस, सव्वीस,
आणि एक बावीस, जिची बाही
गेल्या वर्षी दोन बोटं जास्त ठेवली होती,
ती आता बेळगावात दुसऱ्या शाळेत जाते.

"हलक्या गाडीला हेवी घातलासा," भरमाण्णा
बिडीच्या बंडलाशी बोलल्यासारखा बोलला,
"तर खड्डा आला की उडल.
गाडीला थाप कळत नाही, बाई."

"निळी द्या," मी म्हटलं. "दोन."
बिल कन्नडात. गरजेपुरतं वाचता येतं मला.

संध्याकाळी चाकाच्या मध्यापासनं पत्र्यापर्यंत
दोन्हीकडं टेप लावला मीच.
एकच आकडा.
देसूरच्या फाटकावर रूळ ओलांडताना
गाडी एकदा वर आली, बसली,
पुन्हा काही म्हणाली नाही.
मागचा गठ्ठा जागचा हलला नाही.

धड होती ती लोहारानं मागून नेली, छिन्न्यांना.
तुटकी माझ्या मशीनशेजारी उभी आहे,
वेढ्यांत रिळं अडकवते मी.
अधनंमधनं, काम नसलं की,
टेप लावून बघते.
वाढलेली नाही.